कार्तिकातला योगवर्ग: एकादशी ते त्रिपुरी पौर्णिमा

कोकणात योगवर्गाला जायचं असेल तर कार्तिकात जावं, आणि तेही पंचांग बघून. भात कापून झालेलं असतं, खळ्यांच्या कडेला उडव्या रचलेल्या असतात, पहाटे शाल लागते, आणि कार्तिकी एकादशीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत देवळाला उसंत नसते. मी आणि माझी मावसबहीण ज्या वर्गाला गेलो तो गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. देऊळ लहान आहे, पूजाअर्चा एकाच घराकडे आहे आणि गर्दी त्यांना झेपणार नाही.

माहितीपत्रकात आसनं, प्राणायाम, ध्यान यांच्यानंतर शेवटी एक ओळ होती: गावातल्या देवळाच्या नित्य उपासनेत सहभाग. मी त्या ओळीसाठी गेले. आसनं शिकवणारे ठाण्यात आमच्या गल्लीतही आहेत. पण योगाच्या वर्गात मध्येच पाच मिनिटं ॐकार म्हणायचा, कोपऱ्यात समई लावायची आणि त्याला भक्ती म्हणायचं, हे मला कधी पटलं नाही. भक्ती जिथे रोजचं काम म्हणून चालते तिथे जाऊन त्या कामाला हात लावावा, असं फार दिवस मनात होतं.

दशमी

कोकण रेल्वेने चिपळूण, तिथून एसटीने शृंगारतळीवरून गुहागर. चिपळूण ते गुहागर साधारण ४५ किलोमीटर. हाताशी वेळ होता म्हणून व्याडेश्वराचं दर्शन घेतलं. एसटी स्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ. कोकणस्थांच्या कित्येक घराण्यांचं हे कुलदैवत. मध्ये शंकर आणि चार कोपऱ्यांत गणपती, सूर्य, देवी आणि विष्णू असं पंचायतन. परशुरामांचे शिष्य व्याड मुनी यांनी स्थापना केली अशी आख्यायिका. संध्याकाळी मुक्कामी पोचलो. आगरातलं जुनं चिरेबंदी घर, समोर सारवलेलं खळं, मागे माड-पोफळींतून पाखाडी उतरते ती थेट वाळूवर. देऊळ त्याच पाखाडीच्या वरच्या टोकाला.

शिकवणाऱ्या ताईंनी जेवणानंतर एवढंच सांगितलं, की वर्गाची वेळ देवळाच्या वेळेप्रमाणे बदलेल, देवळाची वेळ आपल्यासाठी बदलणार नाही. हे मला फार आवडलं.

एकादशी

पहाटे पाचला काकडआरती. या गावात ती कोजागरीपासून त्रिपुरीपर्यंत चालते. रोज एका वाडीची पाळी असते. तेल, तूप, फुलं, प्रसाद सगळं त्या वाडीने आणायचं. मी खांबाशी उभी राहायला गेले तर एका काकांनी माझ्या हातात झांजा दिल्या आणि म्हणाले, "उभ्या का? वाजवा की." मग भूपाळ्या, अभंग, आणि तुपात भिजवलेल्या जाड काकड्याची ती मोठी पिवळी ज्योत. तास-सव्वा तास झांजा खांद्याच्या उंचीवर धरून ताल सोडायचा नाही, हे आसनापेक्षा सोपं नाही. माझे दंड भरून आले. शेजारी सत्तरीच्या आजी होत्या, त्यांचा हात एकदाही खाली आला नाही.

प्रसादाला लोणी-साखर. आमचा उपास होता, तो त्यावरच सुरू झाला.

तिथून वाळूवर. देवळाचे गुरव वाटेत भेटले आणि म्हणाले, "आज एकादशी, म्हंजे सवाआठला भरती. त्याआधी वर या." त्यांनी घड्याळ पाहिलं नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब: अकराची पाऊणपट सव्वाआठ. ताईंनी तो फळ्यावर लिहून ठेवला आणि पुढे किनाऱ्यावरचं सगळं वेळापत्रक त्यावर बसवलं.

सूर्यनमस्कार घालताना एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. पश्चिम किनाऱ्यावर पूर्वेला तोंड केलं की समुद्र पाठीशी येतो. समोर डोंगर, त्याच्या मागे कुठेतरी सूर्य. आम्ही डोंगराच्या सावलीत वाळूवर होतो, आणि मागे वळून पाहिलं तर लांबवरच्या पाण्यावर ऊन आधीच पडलेलं होतं. एक-दोन-तीन मोजायचं नाही, असा ताईंचा नियम. प्रत्येक नमस्काराला नाव: ॐ ह्रां मित्राय नमः, ॐ ह्रीं रवये नमः, असं करत भास्करापर्यंत बारा. नाव उच्चारायचं म्हणजे आपोआप थांबायला लागतं, आणि घाईचे नमस्कार घालताच येत नाहीत.

दुपारी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी आणि कणगरं.

द्वादशी

सकाळी जलनेती. कोमट पाण्यात मीठ, एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून येतं. जमलं.

दहाच्या तासाला योगसूत्रं काढली. पुण्याहून आलेला एक तरुण इंजिनिअर होता. त्याने सरळ विचारलं, "ताई, मला देव मानता येत नाही. मी आरतीला उभा राहिलो तर ते खोटं नाही का होणार?" ताईंनी विषय टाळला नाही. पतंजलींच्या समाधिपादात ईश्वरप्रणिधान, म्हणजे स्वतःला ईश्वराच्या हवाली करणं, हा चित्त स्थिर होण्याच्या उपायांपैकी एक उपाय म्हणून येतो, त्याची सक्ती नाही, हे त्यांनी सूत्र दाखवून सांगितलं. साधनपादात मात्र तेच ईश्वरप्रणिधान तप आणि स्वाध्याय यांच्या बरोबरीने क्रियायोगात धरलं आहे आणि पुढे नियमांच्या यादीत पुन्हा आलं आहे. मग त्या म्हणाल्या, "तुला आरतीला यायचं नसेल तर येऊ नकोस. पण देवळाची विहीर खोल आहे आणि अभिषेकाला पाणी लागतं. रहाट ओढायला ये." तो गेला. रोज गेला. शेवटपर्यंत त्याने हात जोडले नाहीत आणि गावात कोणी त्याला त्याबद्दल काही म्हटलंही नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

संध्याकाळी यजमानांच्या खळ्यात तुळशीचं लग्न. वृंदावनाला गेरू लावून वर चुन्याची नक्षी, चारी बाजूंना उसाचा मांडव, मुळाशी चिंचा, आवळे, बोरं. बाळकृष्णाला आणून उभं केलं. अंतरपाट धरायची वेळ आली तशी यजमानीणबाईंनी सासूबाईंना हाक मारली, "आई, एक टोक तुम्ही धरा." आजी म्हणाल्या, "मी कशाला गं?" आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून शुभकार्यात त्या माजघराच्या दारातच बसायच्या, असं नंतर कळलं. सूनबाईंनी पुन्हा काही म्हटलं नाही, नुसतं टोक पुढे करून उभ्या राहिल्या. आजी आल्या. मंगलाष्टकं झाली, पोरांनी अक्षता देवापेक्षा एकमेकांच्या डोक्यावर जास्त टाकल्या, फटाके वाजले, आणि गूळ-खोबऱ्याचे पोहे व उसाची कांडी घेऊन सगळे पडवीत बसलो.

त्रयोदशी

प्रदोष. देवळात एकादशनी होती, म्हणजे रुद्र या वैदिक स्तोत्रातल्या नमकाची (नमस्कारांच्या भागाची) अकरा आवर्तनं, आणि दर आवर्तनानंतर चमकाचा (मागण्यांच्या भागाचा) एक अनुवाक, म्हणजे एक परिच्छेद. अशा अकरा एकादशन्या झाल्या की लघुरुद्र. हा हिशेब शाळेपासून ऐकून होते, पण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बसून ऐकण्याची ही पहिलीच वेळ.

गाभाऱ्यात सोवळं नेसलेले गुरुजी आणि त्यांचा मुलगा. पिंडीवर टांगलेलं तांब्याचं अभिषेकपात्र, त्यातून दोऱ्यासारखी बारीक धार. आम्ही बायका सभामंडपात. अभिषेकाच्या वेळी बायकांना गाभाऱ्यात घेत नाहीत, ही इथली रीत. मी ती पाळली, पण मला ती पटत नाही आणि ते मी गुरुजींना नम्रपणे सांगितलं. पुण्यात बायका पौरोहित्य करायला लागून कित्येक वर्षं झाली. ज्या हातांनी बेल निवडला, वाती वळल्या, पंचामृत कालवलं, त्या हातांनी पाण्याची धार धरली तर देवाला काय अडचण असणार? गुरुजी ऐकून घेऊन म्हणाले, "गावाचं देऊळ आहे, गावाने ठरवायला हवं." उत्तर प्रामाणिक होतं. गाव ते लवकर ठरवो.

मला काम मिळालं ते गुरुजींच्या सौभाग्यवती काकूंच्या शेजारी बसून वाती करायचं. त्रिपुरीला शंकरापुढे साडेसातशे वातींची त्रिपुरवात लावतात, त्याची तयारी. काकूंनी माझ्यापुढे कापूस ठेवला. सरकी काढायची, कापूस बोटांनी मोकळा करायचा, मग अंगठा आणि तर्जनी कच्च्या दुधात टेकवून ओढत ओढत पीळ द्यायचा. पीळ सैल पडला तर वात भसकन जळते, फार घट्ट झाला तर तेल वर चढत नाही. माझ्या पहिल्या वाती त्यांनी न बोलता उलगडून पुन्हा कापसात टाकल्या.

काम करता करता मी पाहिलं, काकूंचे ओठ हलत होते. आत नमक चालू होतं आणि त्या शब्दाला शब्द, स्वराला स्वर त्यांच्याबरोबर होत्या. आवाज नाही, फक्त ओठ. एका ठिकाणी मुलाचा श्वास अपुरा पडला, शब्द मध्येच तुटला. काकूंची भुवई वर गेली. "कच्चा आहे अजून," त्या पुटपुटल्या. मग मला म्हणाल्या, "श्वास संपायला आला की घेतो तो. संपायच्या आधी घ्यायचा असतो, पुरता असतानाच. म्हणजे घेतलेला कळतही नाही."

कुंभक, रेचक, मात्रा असं आम्ही वर्गात जे मोजून मोजून करत होतो, ते या बाईंनी लग्न होऊन आल्यापासून वाती वळता वळता नुसतं ऐकून कमावलं होतं. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, तसं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्यानंतर मी श्वासाकडे लक्ष ठेवून ऐकलं, आणि त्यामुळे अर्थही ऐकू यायला लागला. नमकात रुद्राला नमस्कार आहेत हे माहीत होतं, पण कोणाकोणाच्या रूपात! सुतारांना नमस्कार, रथ बनवणाऱ्यांना नमस्कार, कुंभारांना, लोहारांना, पारध्यांना, निषादांना. इतकंच काय, चोरांच्या अधिपतीलाही. चमकात उलट मागणं. भात द्या, जव द्या, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर द्या. दगड, माती, डोंगर, पर्वत द्या. मग 'सिकताश्च मे' आलं, म्हणजे वाळूसुद्धा. आणि पाखाडीच्या खाली वाळूच वाळू पसरलेली. त्याच चमकाच्या पहिल्या अनुवाकात प्राण, अपान, व्यान मागितलेले आहेत. सकाळी प्राणायामाच्या तासाला हीच नावं आम्ही वहीत लिहून घेतली होती. छातीत काय, ओटीपोटात काय, असं. इथे ती धान्याच्या आणि वाळूच्या यादीत बसली होती. श्वास ही आपण कमावलेली ताकद म्हणून मी आजवर बघत होते. इथे तो मागून घ्यायचा होता, तांदळासारखा. त्या दुपारपासून माझा प्राणायाम बदलला, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

आवर्तनं संपायला जवळजवळ तीन तास लागले. मग आरती, मंत्रपुष्पांजली, आणि सोमसूत्र, म्हणजे अभिषेकाचं पाणी बाहेर जायची वाट, न ओलांडता अर्धी जाऊन परत फिरायची प्रदक्षिणा. तीर्थ घेताना रहाट ओढणारा आमचा इंजिनिअरही रांगेत होता. तहान लागली होती म्हणाला.

संध्याकाळच्या तासाला ताईंनी २००१ सालच्या एका संशोधनाची माहिती दिली. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेलं, इटलीतल्या डॉक्टरांचं. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातली यंत्रणा अधिक चांगली प्रतिसाद देते, असं त्यात दिसलं होतं. मी ऐकत होते आणि डोळ्यांपुढे काकूंचे ओठ होते.

चतुर्दशी

चौदाची पाऊणपट साडेदहा. भरतीच्या वेळी हेदवीला पोचायचं ठरलं. आधी टेकडीवरच्या दशभुज गणपतीचं दर्शन. पांढरीशुभ्र, दहा हातांची मूर्ती. आमच्यातल्या एका मावशींनी अथर्वशीर्ष सुरू केलं आणि सगळ्यांनी उचललं. मग किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळापाशी बामणघळ. खडकात अरुंद लांब भेग आहे, भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, पुढे जायला वाट नाही म्हणून उसळी मारून वर फुटतं. आधी पोटातून घुमल्यासारखा आवाज, मग फवारा. कडेला जाऊ नये; खडक शेवाळलेले असतात. येताना वेळणेश्वरी उतरलो, दर्शन घेतलं, माडांच्या सावलीत आंबोळ्या खाल्ल्या.

आज वैकुंठ चतुर्दशी. एरवी शंकराला बेल आणि विष्णूला तुळस. आजच्या रात्री उलट. मध्यरात्रीच्या पूजेला इथल्या शंकराच्या पिंडीवर तुळशी वाहिल्या आणि शेजारच्या वाडीतल्या लक्ष्मीनारायणाला बेल. टाळ वाजवत, बत्तीच्या उजेडात परडी घेऊन आम्ही पाखाडीने त्या देवळात गेलो. वाटेत कोणी फार बोललं नाही. परत यायला एक वाजला आणि पाचला काकडआरती होतीच. ताईंनी सकाळची आसनं रद्द केली. बरं केलं.

पौर्णिमा

दिवसभर दीपमाळेचं काम. चिऱ्याची उंच दीपमाळ, तिचे हात दर वर्षी पावसाने शेवाळतात, ते पोरांनी काथ्याने घासून काढले. पणत्या कुंभारवाडीतून टोपल्यांनी आल्या. आधी पाण्यात बुडवून ठेवायच्या, नाहीतर कोरी माती तेल पिते. खोबरेल घालायचं काम बायकांकडे. एका आजींनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी उंडीचं तेल असायचं. कडू वास, पण वाऱ्याला टिकायचं.

वारा हीच खरी अडचण. दुपारभर समुद्रावरून खारा वारा सुटलेला. पाच वाजता दोन पोरांनी हौसेने खालच्या ओळी लावल्या आणि त्या लगेच विझल्या. गुरवांनी त्यांना खाली बोलावलं. "थांबा. खारा पडूं दे. मतलई सुटायच्या आधी मधी वारा नसतो, तेवढ्यात लावायच्या." आम्ही सगळे थांबलो. सहाच्या सुमाराला सूर्य पाण्याला टेकला, ओहोटीने किनारा लांबवर उघडा पडलेला, आणि पाठीमागच्या डोंगरावरून चंद्र वर आला. माडांचे शेंडे हलायचे थांबले. गुरव म्हणाले, "आता."

मग जी धावपळ झाली! गुरवांचे मुलगे माळेवर चढलेले, खालून पेटत्या काकड्या वर दिल्या जात होत्या, कोणी तेल पुरवत होतं, कोणी सुटलेल्या वाती सावरत होतं. समुद्राच्या बाजूला माडाची झापं आडोशाला धरून काही जण उभे होते, त्यात आमचा इंजिनिअर. त्याचे हात थरथरत होते तरी त्याने झाप सोडलं नाही. कुंभारवाडीचे लोक, मच्छीमारवाडीचे लोक, चिऱ्याचं काम करणारे गवंडी, सगळे तिथे होते. नमकात ज्यांना नमस्कार आहेत ती माणसं माझ्या आजूबाजूला तेल ओतत होती. सगळ्यात वरची पणती लागली तेव्हा ढोल सुरू झाला.

आत देवापुढे त्रिपुरवात लावली. ती काकूंनी लावली, सभामंडपातून हात पुढे करून, गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर. यंदा पहिल्यांदाच, असं मागून कोणीतरी म्हणालं. कोणी ठरवलं ते मी विचारलं नाही.

प्रतिपदा

सकाळी पणत्या उतरवून राखेने घासल्या, टोपल्यांत भरल्या. वर्गाचा समारोप म्हणून ताईंनी शिधा देवळाला देऊन टाकला आणि अर्धा तास ध्यान झालं.

निघायच्या आधी काकूंकडे गेले. चमकाचा पहिला अनुवाक फोनमध्ये रेकॉर्ड करून देता का, असं विचारलं. त्या नाही म्हणाल्या. "फोनवरून स्वर चुकतो, आणि श्वास कुठे घेतला ते दिसत नाही. संथा घ्यायला ये. माझ्यासमोर बसून दोनदा म्हणायचं, दर ओळीला."

"गुरुजी देतील मला संथा?"

"ह्यांना कशाला विचारायचं? मी देईन की."

महाशिवरात्रीच्या आधी आठ दिवस या, असं त्यांनी सांगितलं. वेळ सकाळी साडेआठ, देवपूजा आटोपल्यावर. राहायची सोय त्यांच्याच ओटीवर. बहिणीनेही नाव सांगितलं आहे. रजेचा अर्ज मी चिपळूण स्टेशनवर गाडीची वाट बघतानाच लिहिला.